शीळ आणि जवारी

गेली बावीस वर्षे मी मुलांच्या चुका काढण्याचा पगार घेतो आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका, हातच्याच्या चुका, वागण्याबोलण्यातल्या चुका. एखाद्या दिवशी एकही चूक हाती लागली नाही, तर आजचा पगार आपण फुकट खाल्ला असे मला वाटू लागते. अशा माणसाला त्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याने बाजारात गाठावे आणि, "सर, एका चांगल्या यंत्रात सहा महिने खपून मी दोष घातलाय. एकदा ऐकायला या," असे आग्रहाने सांगावे, ही नियतीने केलेली थट्टाच म्हणायची!

हा विद्यार्थी आता तिशीत आहे. दिवसा तो कारखान्यांतील विजेच्या मोटारी दुरुस्त करतो आणि संध्याकाळी तीन मित्रांबरोबर इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. गिटारीतले मला ओ की ठो कळत नाही. माझे कान तंबोऱ्यावर आणि भजनातल्या पेटीवर वाढलेले. पण मुलाने बोलावले, तेही इतक्या वर्षांनी. जाणे भागच होते. नवरात्र संपल्यावर एका शनिवारी संध्याकाळी मी शीळफाट्याला गेलो.

शीळफाटा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिथे कोणी सूर जुळवायला जातो हे सांगून पटायचे नाही. कल्याणचा, मुंब्र्याचा, महाप्याचा आणि पनवेलचा असे रस्ते तिथे एकमेकांच्या अंगावर येतात. मालाचे ट्रक आणि कंटेनर रात्रंदिवस धडधडत असतात. बुलेट ट्रेनसाठी मुंबईहून निघणाऱ्या २१ किलोमीटरांच्या बोगद्याचे दुसरे तोंडही तिथलेच. "हीच तर सोय आहे, सर," तो हसून म्हणाला, "इथे कोणी तक्रार करायची म्हटली तर आधी त्याला आमचा आवाज ऐकू यायला हवा!" पत्र्याच्या छपराचा एक गाळा चौघांनी मिळून भाड्याने घेतला होता. भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या होत्या आणि मध्ये, देव्हाऱ्यासमोर ठेवावा तसा चौरंगावर, तो अॅम्प्लिफायर ठेवला होता.

तो व्हॉल्व्हचा होता. माझ्या आजोबांच्या रेडिओत तसे व्हॉल्व्ह होते. बटण फिरवल्यावर आत तांबूस उजेड पडायचा, मग काही वेळाने, झोपेतून उठल्यासारखा, आवाज यायचा. आता ते रेडिओ अडगळीत गेले, पण गिटार वाजवणाऱ्यांनी व्हॉल्व्ह सोडलेला नाही. काचेच्या बाटलीतली हवा काढून घेतलेली असते. आत एक नळी तापते, तिच्यातून विद्युत्कण सुटतात आणि समोरच्या धातूच्या पत्र्याकडे धाव घेतात. वाटेत एक बारीक जाळी असते. गिटारीकडून आलेली विजेची दुबळी थरथर त्या जाळीवर सोडली, की ती कणांच्या लोंढ्याला कधी आवरते, कधी मोकळे सोडते, आणि पलीकडे तीच थरथर मोठी होऊन उमटते. ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने १९०६च्या सुमारास ही जाळीची युक्ती काढली आणि दुबळ्या आवाजाला बळ देण्याची विद्या माणसाच्या हाती आली.

झाकण उघडण्यापूर्वी त्याने यंत्र बंद केले, प्लग काढला, आणि तरीही मला हात लावू दिला नाही. "बंद केला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये चारशेहून अधिक व्होल्ट साठून राहतात, सर. बंद यंत्रानेच माणसं दगावतात." मग एका रेझिस्टन्सची दोन टोके लावून त्याने तो साठा हळूहळू उतरवला, मीटरवर आकडा शून्याकडे जाताना मला दाखवला, आणि मगच आतल्या तारा समजावून द्यायला बसला. एके काळी याच मुलाला मी वर्गात 'धांदरट' म्हणत असे.

मूळ यंत्रात आवाज वाढवण्याचे दोन टप्पे होते. त्याने तिसरा घातला होता. ईसीसी ८३ नावाच्या व्हॉल्व्हचा एक अर्धा भाग आवाज सुमारे पन्नास पट करतो. दोन टप्प्यांनी पन्नासाचे अडीच हजार होतात आणि तिसऱ्याने, कागदावर का होईना, सव्वा लाख. पण व्हॉल्व्हची झेप काही अमर्याद नसते. थरथर तिच्यापलीकडे गेली की लाटेचे माथे सपाट कापले जातात. यालाच आपण 'आवाज फाटला' असे म्हणतो. मात्र लाट अशी कापली गेली, की त्या कापण्यातूनच मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे नवे स्वर जन्माला येतात. गिटारवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात ते हेच फाटलेपण.

"अरे, पण ज्याने हे यंत्र घडवले त्याने हा दोष टाळण्यासाठी किती कष्ट घेतले असतील! त्याचा हा अपमान नव्हे?" मी विचारले.

प्रश्न अगदीच अडाणीपणाचा नव्हता. १९२७ साली हॅरॉल्ड ब्लॅक नावाच्या अभियंत्याला न्यूयॉर्कजवळ हडसन नदी ओलांडताना, होडीत बसल्या बसल्या सुचले, की बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडासा अंश उलटा करून पुन्हा आत घातला तर यंत्र आपली चूक आपणच कापून काढील. कित्येक बुद्धिमान माणसांची आयुष्ये आवाज फाटू नये म्हणून खर्ची पडली आहेत. पण माझ्या विद्यार्थ्याकडे उत्तर तयार होते. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाचा एक ड्रम वाजवणारा दुकानदार होता. १९६२ साली त्याने व त्याच्या साथीदारांनी अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या एका अॅम्प्लिफायरवरून आपला अॅम्प्लिफायर बेतला. तो आवाज मुळापेक्षा अधिक रांगडा निघाला आणि जगभर गेला. १९६४ साली किंक्स या वाद्यवृंदातल्या डेव्ह डेव्हीस या तरुणाने तर स्पीकरचा कागदी पडदाच ब्लेडने चिरला, आणि तो चिरलेला आवाज पुढे कितीएकांनी गिरवला. "ज्याला आपण मूळ म्हणतो ना सर, तेही कोणीतरी आधीच्यात हात घालूनच केलेलं असतं," तो म्हणाला. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला यावर काय बोलता येणार? मी गप्प राहिलो.

पण त्याची खरी गोष्ट पुढेच होती. तिसरा टप्पा घालून त्याने पहिल्यांदा बटण फिरवले, तेव्हा गिटारीला कोणी हातही लावलेला नसताना यंत्राने एक कर्णकर्कश शीळ घातली. शीळफाट्यावर शीळ! बाहेर जाणाऱ्या तारेतला आवाज शेजारच्या आत येणाऱ्या तारेत झिरपत होता, सुलट्याच दिशेने मिसळत होता, पुन्हा मोठा होत होता आणि पुन्हा झिरपत होता. ब्लॅकच्या युक्तीत यंत्र स्वतःचा विरोध ऐकते आणि शहाणे होते. इथे ते स्वतःचीच स्तुती ऐकत होते आणि बेभान झाले होते. अशी माणसे आपण सभासंमेलनांतून पाहतोच. शीळ थांबवली तर दुसरेच दुखणे निघाले: कोणतीही तार छेडा, सगळ्यातून एकच गिचमीड. जणू शंभर माणसे एकदम बोलत आहेत आणि कोणाचेच काही कळत नाही.

मग सहा महिने त्याने काय केले? बळ वाढवले नाही, काढून टाकले. तारा आखूड केल्या, पहिल्या व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या तारेला जाळीचे कवच घातले. दोन टप्प्यांच्या मध्ये दोन सारखे रेझिस्टन्स बसवून अर्धा आवाज सरळ अर्थिंगला सोडून दिला. एका मोठ्या कंडेन्सरच्या जागी लहान बसवला, म्हणजे खर्जाचा भाग फाटण्याआधीच हलका होतो. खर्ज लागेल तेवढा शेवटी वाढवता येतो. एकेक बदल करायचा, डाख थंड होऊ द्यायचा, वाजवायचे, वहीत लिहायचे, नाही जमले तर पुन्हा काढायचे. सव्वा लाखाची शक्ती घरात आणून ती टाकायची कुठे, याचाच हा सहा महिन्यांचा अभ्यास होता.

हे मी घरी सांगितले तेव्हा आमची मंडळी चकलीच्या भाजणीत मोहन घालत होती. ती मान वर न करताच म्हणाली, "त्यात नवल ते काय? मोहन घातलं नाही तर चकली दगड होते आणि जास्त झालं तर कढईत विरघळते. खुसखुशीतपणा हा मापात ठेवलेला ठिसूळपणाच की!" मला जे कळायला शीळफाट्यापर्यंत जावे लागले, ते तिला परातीत कळले होते.

यंत्र बंद करून तो बसला, पुन्हा सुरू केले, आणि गिटार गळ्यात अडकवून त्याने षड्ज-पंचमाची जोडी छेडली. माझ्या छातीच्या फासळ्या हलल्या. इतक्या फाटलेल्या आवाजात षड्ज-पंचमच बहुधा वाजवतात, असे त्याने सांगितले. मध्ये गांधार घातला तर स्वरास्वरांच्या भांडणातून भलतेच सूर निघतात आणि पुन्हा गिचमीड होते. मी चमकलो. पंचम आणि षड्ज म्हणजे तर तंबोऱ्याच्या तारा!

काही वर्षांपूर्वी एका मित्राचा तंबोरा घेऊन मी मिरजेला गेलो होतो. मिरजेची सतारमेकर गल्ली पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांचा हात एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळला, आणि तिथल्या सतारींना व तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते. तार घोडीवर नुसती टेकली तर 'टण्' असा सरळ, कोरडा आवाज निघतो. म्हणून घोडीचा माथा कानशीने अशा बेताने घासतात, की कंप पावणारी तार त्याला किंचित घासत राहावी; मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात, आणि एका विशिष्ट जागी तो आला की त्या कोरड्या आवाजात झुंबर पेटल्यासारखे होते. एका षड्जातून बारीक बारीक स्वरांचा सडा पडतो. तार कशाला घासणे हा खरे तर दोष. सतारीच्या पडद्याला ती घासली तर आपण वाद्य दुरुस्तीला टाकतो. पण घोडीवरचा हाच दोष नसेल, तर तंबोऱ्यात प्राण नाही असे म्हणतात. शीळफाट्याच्या गाळ्यात, कंटेनरांच्या धडधडाटात, मला तो मिरजेचा धागा आठवला.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. दोषाचा गुण होतो तो कधी? लोकांना आवडला की झाला, हे उत्तर सोपे आहे, पण दिवाळीत कानठळ्या बसवणारा फटाका लावणाऱ्यालाही तो आवडतच असतो. कर्त्याने मुद्दाम केला की झाला, असे म्हणावे, तर उर्मट माणूसही मुद्दामच उर्मटपणा करतो.

या प्रश्नाचे उत्तर मला त्याच्या हाताने दिले. तो म्हणाला, "सर, आता नीट ऐका." त्याने तार अगदी हळुवार छेडली. फाटलेपण जवळजवळ नाहीसे झाले. आवाज पाण्यासारखा निवळला. मग जरा जोर दिला, आवाजाला किंचित खरखर आली. मग मनगटातला सारा जोर दिला, आणि तो डरकाळी फोडून उठला. हात उचलून तारा दाबल्या, शांत. "बोटांनी विचारलं की तो उत्तर देतो," तो म्हणाला. "शीळ कोणाचं ऐकत नव्हती. वीज नीट गाळली नाही तर घूं घूं येते, तीही कोणाचं ऐकत नाही. तार छेडा न छेडा, ती आपली चालूच. ते काढायचं. हे ठेवायचं."

हातचा स्पर्श ओळखून जो उमटतो आणि हात उठताच जो थांबतो तो दोष वाद्याचा स्वभाव असतो, आणि कोणी छेडो न छेडो जो आपला चालूच राहतो तो नुसता गोंगाट. जवारीही तार छेडल्यावरच बोलते. माणसांचेही मला असेच वाटू लागले आहे. अन्याय दिसला की उसळणारा आणि तो दूर होताच निवणारा राग हा काहींच्या स्वभावाची जवारी असते. तो कानशीने घासून काढला तर माणूस सरळ होतो, पण कोरडा होतो. याउलट काहींचा राग हा यंत्राची घूं घूं असते. माझेच उदाहरण देतो. वर्गात चाळीस मुलांवर चढवलेला माझा आवाज घरी आल्यावरही खाली येत नाही. ताटावर बसून मीठ मागतो तेही दटावल्यासारखे. आजवर याला मी 'करडा स्वभाव' असे भारदस्त नाव देत आलो. त्या दिवशी कळले की तो स्वभाव नव्हे, ती न गाळलेली वीज आहे.

चहा पिताना तो सहज म्हणाला, "सर, सातवीत तुम्ही आम्हाला 'माझा गाव' असा निबंध घातला होता. मी लिहिलं होतं, 'रात्री चढावर ट्रक रडतात.' तुम्ही ते लाल शाईनं खोडलंत आणि वर लिहिलंत, 'ट्रकांचा आवाज येतो.' शेजारी लिहिलंत, 'निर्जीव वस्तू रडत नाहीत.'"

मला आठवत नव्हते. त्याला अक्षर न् अक्षर आठवत होते.

"मग पुढे?"

"पुढे काही नाही. तुम्हाला जे हवं असायचं तेच लिहीत गेलो. मार्क चांगले पडले."

त्याने हे अजिबात रागाने म्हटले नाही. कंडेन्सरमधला साठा जसा त्याने सावकाश उतरवला, तसेच हेही उतरवले. माझ्या हाताला झटका बसू दिला नाही. पण इतकी वर्षे तो साठा तिथे होता. मी वही तपासून, यंत्र बंद करून, केव्हाच घरी गेलो होतो. बाहेर मुंब्र्याच्या बाजूने एक लादलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये चढ चढत होता, आणि तो खरोखरच रडत होता.

याचा अर्थ असा नव्हे, की चुका काढणे मी सोडून द्यावे. त्याच निबंधात 'गाव'चा 'गाव्ह' केला असेल, तर तो मी आजही दुरुस्त करीन. ती घूं घूं आहे. ती काढल्यानेच त्याचे वाक्य ऐकू येईल. माझा अपराध चूक काढल्याचा नव्हे. तारेला हात न लावताच मी ठरवले, की हा आवाज फाटला आहे.

आणि माझ्या या कसोटीलाही एक बांध हवा, हे मला त्याच संध्याकाळी दिसले. नवाच्या सुमारास गाळ्याच्या दाराशी मागल्या आवारातल्या राखणदाराची बायको तान्हे मूल घेऊन उभी राहिली. बोलली काहीच नाही. माझ्या विद्यार्थ्याने एक बटण डावीकडे फिरवले आणि पुन्हा वाजवले. मला वाटले होते आता ती डरकाळी मांजरीची होईल. तसे झाले नाही. आवाज होता तसाच फाटलेला, तसाच उत्कट, पण घरातल्या बोलण्याइतका हळू. अशा यंत्रांत बटणे दोन असतात. एक आवाज किती फाटावा ते ठरवते, दुसरे तो किती दूर जावा ते. मार्शलच्या यंत्रांत १९७५च्या सुमारास हे दुसरे बटण आले. त्याआधी असा आवाज हवा तर यंत्र पुऱ्या जोराने सोडण्याखेरीज फारसा इलाज नसे. तिच्या कडेवरचे मूल मात्र झोपलेच राहिले.

उत्कटता आणि मोठा आवाज ही दोन निराळी बटणे आहेत, ही गोष्ट आपण उत्सवाच्या दिवसांत हमखास विसरतो. भक्तीचे बटण समजून चौकातल्या मंडळाने फिरवलेले बटण पुष्कळदा दुसरेच असते. कायद्याने आकडे ठरवून दिलेले आहेत: २०००च्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. ते असायलाच हवेत. परंतु राखणदाराच्या बायकोकडे डेसिबल मोजायचे यंत्र नव्हते. ती नुसती दाराशी उभी राहिली, आणि ज्याला ऐकायची सवय लागलेली होती त्याने ऐकले. तारेवरच्या आपल्या बोटाला जो दोष उत्तर देतो, त्याने दाराशी उभ्या राहिलेल्या माणसालाही उत्तर द्यावे, एवढीच काय ती पुढची पायरी. दहा वाजायच्या आत त्याने सगळे आवरले.

सुट्टी लागण्यापूर्वीच्या शेवटच्या आठवड्यात मी निबंधाच्या वह्या तपासत होतो. एका मुलीने लिहिले होते, "आजी गेल्यापासून आमच्या घरातला जिना जास्त वाजतो." माझी लाल शाई सवयीने 'जास्त'वर जाऊन टेकली. जिना जास्त कसा वाजेल? पेन तिथेच ठेवून मी तिला जवळ बोलावले आणि म्हटले, "हे वाक्य जरा मोठ्याने वाच."

तिने वाचले. मग थोडा वेळ थांबली. वर्गात चाळीस मुले होती, पण त्या क्षणी कोणी बोलत नव्हते.

"सर, चुकलंय का?" तिने विचारले.

"तुला काय ऐकू आलं?"

तिने पुन्हा एकदा, या वेळी मनाशीच, ते वाक्य वाचले, आणि मान हलवून वही घेऊन जागेवर गेली. मी त्या वाक्याला हात लावला नाही. त्याच पानावरचे चार ऱ्हस्वदीर्घ मात्र दुरुस्त केले. त्यांचा पगार मला मिळतो.